आजोबांच्या मागचा बॉक्स

अठ्ठावीस फेब्रुवारीला संध्याकाळी प्रल्हादकाकाने आमच्या घरात उभ्याउभ्या अर्धा कप चहा घेतला.

असं काही घडलेलं नाही. माझ्या वडिलांना विचारा, ते म्हणतील, "कोण प्रल्हाद?" काकाला विचारा, तो म्हणेल, "त्या दिवशी मी गावातच नव्हतो." कपाला विचारावं तर तो फुटला. तेव्हा चहाचं सोडून द्या. त्या दुपारचं तेवढं सांगतो, कारण दुपार अजून कोणी नाकारलेली नाही.

तर दुपारी मी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो होतो आणि भिंतीपलीकडे माझ्या स्वर्गवासी आजोबांवर रिमोट रोखला होता.

"दाब की!" खालून अण्णा ओरडले. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसच्या इंजिनांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज कायमचा त्याच पट्टीत अडकलाय.

"दाबतोय, अण्णा. पण आजोबा आडवे येतायत."

"आयुष्यभर तेच केलं त्यांनी. तू दाब!"

हे आजोबा फोटोतले. आणि सेट-टॉप बॉक्स त्यांच्या मागे लपवलेला. आता हे असं का, ते सांगायला मला भिंतीपासून सुरुवात करावी लागेल.

फलटणला आमचं स्लॅबचं घर आहे, आजोबांनी बांधलेलं. ते गेले आणि वर्षभरात दोघा भावांनी हॉलच्या मधोमध विटांची भिंत घातली. इकडे आम्ही, तिकडे प्रल्हादकाका, शालनकाकू आणि त्यांची केतकी. भिंत छतापर्यंत गेली नाही, कारण वर बरोबर मध्यावर पंखा होता आणि पंख्याची वाटणी काही जमेना. म्हणून गवंड्याने हातभर जागा सोडून दिली. पंखा दोघांचा, बटण काकाकडे. शिडी सम महिन्यात आमची, विषम महिन्यात त्यांची.

वाटणी करायला अण्णांचे मामा आले होते. न्यायी माणूस. एक वस्तू याला, एक वस्तू त्याला, अशी त्यांची पद्धत. कढई दिनकरला, म्हणजे अण्णांना, तवा प्रल्हादला. पाट याला, पोळपाट त्याला. करत करत ते टीव्हीच्या टेबलापाशी आले. बॉक्स प्रल्हादला. रिमोट दिनकरला.

त्या वेळी हॉलमध्ये नऊ-दहा माणसं होती, त्यातली दोन पदवीधर. कोणी काही बोललं नाही. अण्णांना वाटलं, पल्ल्या फसला, रिमोटशिवाय बॉक्सचं तो काय लोणचं घालणार? काकाला वाटलं, दादा फसला. दोघांनीही मामांच्या पाया पडून घेतलं.

केबल एकच, आजोबांच्या नावावर. काकाकडच्या बॉक्समधून वायर भिंतीतून आमच्या टीव्हीला. त्यामुळे जे तिकडे लागेल तेच इकडे दिसायचं. काका बॉक्सवरच्या बटणाने एकेक चॅनेल पुढेमागे करायचा. आम्ही स्टुलावर चढून भिंतीवरून रिमोट मारायचो. त्याच्या बातम्या चालू असताना अण्णा कुस्ती लावायचे. तो उठून परत बातम्यांवर यायचा, पंचवीस वेळा बटण दाबून. तो खुर्चीत टेकला की अण्णा परत कुस्ती.

"दुसरं कनेक्शन घ्या ना," मी एकदा म्हणालो.

"का म्हणून? दुसरं घेतलं म्हणजे पहिल्यावरचा हक्क सोडला!"

काकाला बाजारात दुसरा रिमोट मिळाला असता. पण भिंतीवरून त्याचा आवाज यायचा, माझ्या बापाच्या बॉक्सला विकतचा रिमोट लावू? मेलो तरी नाही.

मग एके दिवशी रिमोट चालेना. मी भिंतीवरून डोकावलो. काकाने बॉक्स टीव्हीच्या वरच्या फळीवर नेऊन आजोबांच्या फोटोमागे ठेवला होता. फोटो हारासकट, खालची कड फळीच्या जरा पुढे येईल असा. चॅनेल बदलायचं झालं की काका आधी नमस्कार करायचा, मग फोटो उचलायचा, मग बटण दाबायचा. पुढे पुढे तर त्याने तेही सोडलं. शेतीविषयक चॅनेल लावून ठेवलं ते कायमचं. दोन्ही घरांत तीन आठवडे मिरचीवरची कीड चालू होती.

आणि अशात केतूची मॅच आली.

केतू म्हणजे केतकी, माझी चुलतबहीण. खो-खो खेळते. राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी, महाराष्ट्राच्या संघात ती, आणि मॅच खेळाच्या चॅनेलवर थेट दिसणार. चारशे अकरा नंबर. अण्णांनी सकाळीच दाढी केली. केतूला खो-खोच्या मैदानावर पहिल्यांदा नेणारे अण्णाच. ती दुसरीत असल्यापासून त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून जायची. भिंत झाल्यापासून मात्र ती अण्णांशी बोलत नव्हती. म्हणजे तिला बोलू दिलं जात नव्हतं. तिचा खेळ बघून अण्णांना तीन वर्षं झाली होती.

"मी काहीही करेन," अण्णा म्हणाले, "पण ती मॅच बघेन."

"पलीकडे जाऊन सांगा मग," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काहीही म्हणजे ते सोडून."

काकाने घरात जाहीर केलं होतं, तो मॅच बघणार नाही, कोणी बघायची नाही, आणि तो डेअरीवर गेला. डेअरीला त्या दिवशी सुट्टी होती. म्हणून मी शिडीवर.

पलीकडे शालनकाकू पदर खोचून उभी होती. आमच्याशी बोलायचं नाही, अशी तिला शपथ घातलेली. काकू शपथा पाळते. त्यामुळे ती आजोबांशी बोलायची.

"मामंजी," ती फोटोकडे बघून म्हणाली, "पोरीची मॅच सुरू झाली असेल हो. मी फोटोला हात लावला तर ह्यांना कळतं, हाराची एक पाकळी हलली तरी कळतं. काय करू?"

मी म्हणालो, "आजोबा, काकूला सांगा, एखादं चकचकीत ताट आण."

काकू आतून स्टीलचं ताट घेऊन आली. फोटोची खालची कड फळीच्या पुढे आलेली, म्हणजे खालून त्याच्या मागे फट होती. मी वरून ताटावर रिमोट मारणार, ताटातून किरण उलटा वर, आजोबांच्या पाठीमागे. शाळेत प्रकाशाचं परावर्तन शिकवलं होतं तेव्हा मी विचारलं होतं, याचा उपयोग काय? सरांनी मला बाकावर उभं केलं होतं.

"मामंजी, ताट डावीकडे घेऊ का?"

"आजोबा, उजवीकडे घ्यायला सांगा. आणि जरा खाली."

"मामंजी, खाली म्हणजे किती?"

"अरे काय आरती चाललीये का?" अण्णा किंचाळले. "दाब!"

मी चार दाबलं. लागलं. एक दाबलं, लागलं. दुसरा एक काकूच्या बांगडीवर आपटून कुठेतरी गेला. चॅनेल एकेचाळीस: एक गृहस्थ पुष्कराज विकत होते.

"ह्याच्या आईला," अण्णा पुष्कराजाला म्हणाले.

परत चार. परत एक. काकूने बांगड्या कोपराकडे सारल्या. एक.

चारशे अकरा.

हिरव्या मॅटवर केतू. मी वरून बघितलं, तर अण्णा टीव्हीच्या इतके जवळ गेले होते की आईला दिसत होते फक्त अण्णा.

"सरका की!"

"थांब गं. बघ, बघ कशी वळतेय. मी शिकवलंय ते. खांदा आधी, पाय नंतर."

आणि पलीकडचं दार वाजलं. प्रल्हादकाका सुट्टीच्या डेअरीवरून परत आला होता. बायको मामंजींसमोर रिकामं ताट धरून उभी.

"काय चाललंय?"

"पूजा."

"ताटात काही नाही."

"तयारी चाललीये."

काकाने वर बघितलं. भिंतीच्या वर माझं मुंडकं, त्याच्या वर पंख्याचं पातं.

"निख्या!"

"काका, मी पंखा पुसतोय."

"रिमोटने?"

तेवढ्यात टीव्हीतून आवाज आला, 'महाराष्ट्राच्या केतकी बोराटेचा अप्रतिम बचाव.' काकाने टीव्हीकडे पाठ फिरवली, चटका बसल्यासारखी.

"बंद करा ते! माझ्या घरात हा खेळ लागणार नाही!"

"मी माझ्या घरात बघतोय," अण्णा इकडून भिंतीला म्हणाले. "तुझ्या घरात दिसतं त्याला मी काय करू? डोळे मीट."

"बॉक्स माझा आहे!"

"रिमोट माझा आहे!"

"बॉक्स नसेल तर पाठ खाजव त्या रिमोटने!"

"आणि रिमोट नसेल तर तू बॉक्सला हार घाल! ठेवलाच आहेस बापाला चिकटून!"

"बापाचं नाव काढू नको! बापाच्या आजारपणात वर्कशॉप सोडून कोण आलं नव्हतं?"

"आणि बापाचा चष्मा कोणी घातला, बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी?"

"नंबर सारखा होता!"

हे सगळं मधे मी असताना. म्हणजे शब्दशः मधे. एक वाक्य डाव्या कानाने आत येत होतं, एक उजव्या. मला संताप आला होता. दोघांचाही. माझी बहीण देशातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर पळत होती आणि ही दोन टाळकी चष्म्याच्या नंबरवर पोचली होती.

"अरे बघा तरी तिला!" मी ओरडलो. "नंतर मारा एकमेकांना! शिडी देतो!"

काका बटणाच्या बोर्डापाशी गेला. बोट पंख्याच्या बटणावर.

"निख्या, खाली उतर. नाहीतर पंखा लावतो."

डोक्यापासून चार बोटांवर पातं. मी रिमोटकडे बघितलं. त्याच्यावर पंख्याचं बटण नव्हतं.

"हात लावून बघ!" अण्णांचा आवाज चिरकला. "पल्ल्या, माझ्या पोराला काही झालं ना..."

"तर काय?" काका म्हणाला. "काय होतं? सांग ना. पोराला काही झालं की बापाला कसं वाटतं, कळू दे की आज तुलाही!"

आणि मग दोन्हीकडे ऐकू येत होता फक्त टीव्ही.

वाटणीच्या वेळी प्रत्येक भांड्याचं नाव निघालं होतं. गुडघ्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. केतूचा डावा गुडघा. भिंतीच्या आदल्या महिन्यात, जिल्ह्याच्या निवडीचा सराव चालू असताना, खांबाला वळसा घालताना ती पडली. अण्णांनी तिला स्कूटरवरून घरी आणली आणि सांगितलं, "मुरगळलाय. हळद लावा." निवड आठवड्यावर होती. हळद लावली. पट्टी बांधून ती खेळलीसुद्धा, आणि मग तिला उभंच राहता येईना. पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काकाला विचारलं, इतक्या उशिरा का आणलंत?

परत आल्यावर काकाने आणलेली पहिली वस्तू म्हणजे विटा.

केतू वर्षभराने पुन्हा उभी राहिली, पुन्हा खेळायला लागली, दुसऱ्या कोणाकडे. काकाने तिला कधी अडवलं नाही. पण एकही मॅच बघितली नाही. आम्हाला वाटत होतं, आम्हाला दिसू नये म्हणून त्याने बॉक्स लपवला.

काकाने बटणावरचं बोट काढलं. तो आमच्या भिंतीला तोंड करून, टीव्हीकडे पाठ करून जमिनीवर बसला. मला वरून त्याचं टक्कल दिसत होतं. भिंतीच्या अलीकडे अण्णा टीव्ही सोडून भिंतीपाशी आले होते. दोन टकलं, मधे नऊ इंचाची भिंत.

शेवटचा डाव. महाराष्ट्राची शेवटची तुकडी मैदानात, त्यात केतू. ती उरली एकटी. जेवढी टिकेल तेवढी आशा. समोरच्या संघातली मुलगी तिच्या मागे, खांबापाशी केतू वळली, मागचीने सूर मारला, आणि दोघी एकमेकींवर आदळून खाली. प्रेक्षकांतून एकच 'ओ' उठला.

काकाने मान वळवली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"दादा!" तो भिंतीला म्हणाला. "दादा, काय झालं? उठली का?"

तीन वर्षांत पहिल्यांदा 'दादा'. मी इतका दचकलो की माझा अंगठा रिमोटवर पडला. आणि काकू ताट तसंच धरून उभी होती.

दोन्ही टीव्हींवर एक बाई तव्यावर अंडं सरकवत म्हणाली, 'चिकटणार नाही म्हणजे नाही!'

"निख्याऽऽ!"

दोघांनी एकदम हाक मारली. एका सुरात. रक्ताचं नातं असं कळतं.

"मी... चुकून... चार नंबर..."

"उलट्या काळजाच्या!" अण्णा.

"टाळकं फोडीन!" काका. तो ताडकन उठला, बटण दाबायला लागला. पाच: कीर्तन. सहा: बातम्या. सात: परत कीर्तन. "चारशे अकरापर्यंत पोचेपर्यंत पोरगी म्हातारी होईल! दादा, रिमोट! रिमोट मार!"

अण्णा शिडीवर चढले. मी अजून वरच होतो. एसटीत बसतात तसे आम्ही दोघं एका पायरीवर बसलो आणि त्यांनी माझ्या हातून रिमोट ओढला. काकाने नमस्कार न करता आजोबांचा फोटो उचलला आणि छातीशी धरला. हाराच्या पाकळ्या खाली पडल्या.

अण्णा रिमोट रोखून, काका बाप कवटाळून. तीन वर्षांनी समोरासमोर.

"बाप बाजूला घे!"

"घेतलाय! दाब!"

दाबलं. काही नाही. अण्णांनी रिमोट तळहातावर आपटला, मागचे सेल गोल फिरवले, परत दाबलं. चार. एक. एक.

केतू उभी होती. बुटाची नाडी बांधत होती. ती बाद झाली होती, वेळ संपत आली होती आणि थोड्याच वेळात महाराष्ट्र हरला. ते आमच्याकडे कोणी बघितलंच नाही. काका फोटो धरून टीव्हीसमोर वाकला होता आणि फक्त तिचे पाय बघत होता.

"चालतेय," तो म्हणाला.

"हो," अण्णा शिडीवरून म्हणाले.

"डावा नीट टाकतेय."

"हो."

काकूने ताट खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. ते मामंजींना सांगितलं नाही.

मग अण्णा म्हणाले, "पल्ल्या, तेव्हा मला खरंच वाटलं होतं, मुरगळलाय."

काकाने वर बघितलं. "खोटं बोलतोस."

अण्णा रिमोटच्या मागचं झाकण काढत राहिले, लावत राहिले.

"हो," ते म्हणाले.

काकाने फोटो जागेवर ठेवला. मागे बॉक्स. हार सरळ केला. मग आमच्या दारात चपलांचा आवाज आला.

"शिडी न्यायला आलोय," तो उंबऱ्यात म्हणाला. "उद्या एक तारीख. मार्च आमचा."

आईने काही न विचारता चहाचा कप त्याच्या हातात दिला. तो बसला नाही. अण्णा शिडीवरून उतरून त्याच्यासमोर उभे राहिले, हात बाजूला सोडून. मारायचं तर मार, असे. काका त्यांच्याकडे बघत चहा प्याला. अर्धा. आणि उरलेल्या अर्ध्यासकट कप भिंतीवर आपटला. अण्णांच्या कानाजवळून.

"मामंजी!" पलीकडून काकूचा घाबरा आवाज. "काय फुटलं?"

"मामंजी, सांगा तिला," आई म्हणाली, "कपच फुटलाय. माणसं आहेत तशीच."

काकाने शिडी खांद्यावर घेतली. दारातून बाहेर पडताना ती अडकली. अण्णांनी मागचं टोक उचलून धरलं आणि दोघं शिडी घेऊन घराला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. अण्णा परत आले ते थेट झोपायला गेले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

दुसऱ्या दिवसापासून यातलं काहीच घडलेलं नव्हतं. आता केतू तिकडे बारामतीला मुलींना शिकवते, आणि कोणी पडली की आधी तिच्या घरी फोन करते. अण्णा तिच्याशी फोनवर बोलतात, गच्चीवर जाऊन, हळू आवाजात. म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, काकासुद्धा गॅलरीत येऊन ऐकतो. भिंतीवर चहाचा डाग आहे. दरवर्षी दिवाळीला घराला रंग लागतो, तेवढा तुकडा सोडून. रंगाऱ्याने विचारलं तर अण्णा म्हणतात, कसला डाग?

बॉक्स अजून आजोबांच्या मागे आहे. रिमोट आमच्याकडे. गेल्या महिन्यात भूमापनवाले घर मोजायला आले होते. कोणाची काही हरकत, कोणाचा काही हक्क असेल तर लेखी द्या, म्हणाले. दोघांनीही दिलं नाही. म्हणून मी दिलं:

प्रति, मा. नगर भूमापन अधिकारी, फलटण. अर्जदार निखिल दिनकर बोराटे. विषय: वहिवाटीची नोंद करणेबाबत. महोदय, उपरोक्त मिळकतीतील सामाईक भिंतीवरून, पंख्याच्या खालून, कैलासवासी आजोबांच्या तसबिरीमागे जाण्यायेण्यासाठी एका रिमोटच्या किरणाची जुनी वहिवाट आहे. तिची मिळकत पत्रिकेवर कायम हक्क म्हणून नोंद घेण्यात यावी. सदर नोंदीस दोन्ही सहहिस्सेदारांची हरकत राहील. तथापि सदर हरकत त्यांनी एकमेकांसमोर बसून, एकमेकांस नावाने अथवा 'दादा' अशी हाक मारून, तोंडी नोंदवावी व तोपर्यंत दोघांसही चहा पूर्ण संपविण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.